शेवटच्या चेंबरपाशी

माझ्याकडे एका इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आहे. जाड कागद, कोपऱ्यात सोनेरी शिक्का, मधोमध माझं नाव आणि आडनावाचं चुकलेलं स्पेलिंग. सहा आठवडे मी एका कंपनीत 'औद्योगिक समस्येवर संशोधनपर काम' केलं, असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात त्या कंपनीच्या ऑफिसात मी दोनदाच गेलो होतो. एकदा फी भरायला आणि एकदा हे सर्टिफिकेट आणायला. वर्गातल्या निम्म्या पोरांकडे असाच कागद होता, त्यामुळे लाज वाटायचा प्रश्न नव्हता. लाज नंतर वाटली, आणि तीही वेगळ्याच कारणाने.

ते सहा आठवडे मी पलूसला घरी होतो. आमचं रान नदीपासून लांब. पाणी येतं ते पाणीपुरवठा संस्थेच्या पाइपलाइनीतून, आणि लाइनीवरचा शेवटचा चेंबर आमचा. एका दुपारी उसाला पाणी पाजून अप्पा चिखलाच्या पायांनी घरी आले आणि म्हणाले, "आरं, तू इंजिनेर व्हाय लागलायस न्हवं? मग मला एवढं सांग. पाळी सगळ्यास्नी सारखीच सा तासांची. मग आपल्याच चेंबरला पाणी निम्मं का येतंय?"

मी म्हटलं, "शेवटाला प्रेशर कमी होत असणार, अप्पा."

"ते मलाबी कळतंय. किती कमी हुतंय? आन् त्याला करायचं काय?"

मला सांगता आलं नाही. पुढच्याच वर्षी माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट होता 'स्मार्ट इरिगेशन'. मातीतली ओल मोजणारा सेन्सर, एक छोटा बोर्ड आणि मोबाइलवर येणारा मेसेज. कॉलेजच्या कुंडीतल्या मोगऱ्यावर तो झकास चालायचा. मार्क चांगले पडले. अप्पांचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला, आणि मी पुण्याला नोकरीला आलो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण असं, की इंटर्नशिप हा शब्द हल्ली नियमांत जाऊन बसलाय. एआयसीटीईने २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या पोरांना ती सक्तीची केली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीए, बीएस्सी, बीकॉमच्या मुलांच्या मार्कलिस्टवरही ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट दिसायला लागलेत. २०२४मध्ये यूजीसीने 'संशोधन इंटर्नशिप'साठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने बाहेरच्या संस्थेबरोबर एखाद्या खऱ्या प्रश्नावर काम करावं, ही कल्पना वाचायला छान वाटते. पण ती आली कुठून, कुठे जमली आणि कुठे तिचा सोनेरी शिक्का झाला, हे शोधत मी बरेच महिने वाचत होतो. वाचता वाचता पहिला धागा सापडला तो घरापासून सायकलच्या अंतरावर.

पलूसच्या माणसाला किर्लोस्करवाडीचं कौतुक सांगायला लागू नये. शाळेत आम्ही ती गोष्ट इतक्यांदा ऐकलीय, की ऐकू येणंच बंद झालं होतं. माळरान, निवडुंग, साप आणि एक जिद्दी माणूस. पण या वेळी मी ती जिद्दीची गोष्ट म्हणून वाचली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी कॉलेजात शिकवत होते, या एका ओळीवर अडकलो.

१८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, असं निघालं. मग चित्रकला सोडून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. ही संस्था १८८७ची. हक्काची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाच्या, रामुअण्णांच्या, सायकलींच्या धंद्यात आले. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला आणि कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. शाळेत ही गोष्ट 'अडाणी शेतकरी आणि दूरदृष्टीचा उद्योजक' अशी सांगतात. मला ती आता तशी वाटत नाही. शेतकऱ्याचं एक वर्षाचं पोट त्या नांगरावर असतं. नवीन अवजार चाललं नाही तर भरपाई कोण देणार, हा त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आमच्याकडे नवीन अ‍ॅप आलं की ते आधी शंभर लोकांना देऊन बघतात, बिघडलं तर शंभर लोक शिव्या घालतात आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती जाते. नांगराला पुढचा हंगाम लागतो. लक्ष्मणराव अमेरिकेतली यंत्रांची मासिकं आणि कॅटलॉग वाचून शिकत होते, पण त्या कॅटलॉगात आमची काळी माती नव्हती. ती शिकायला रानातच जावं लागलं.

बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस. त्यानंतर प्रश्न आणि कारखाना यांच्यामध्ये फक्त एक कुंपण उरलं. कुंपणाच्या आत ओतशाळा, बाहेर शेत. मला या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं. ड्रॉइंग शिकवणारा मास्तर स्वतःच प्रश्नाच्या शेजारी राहायला गेला. ही इंटर्नशिप सहा आठवड्यांत संपली नाही, एवढाच काय तो फरक.

याच काळात तिकडे अमेरिकेत उलट बाजूने विचार चालला होता. कॉलेजात शिकलेल्या इंजिनिअरला कारखान्यातलं काही येत नाही, ही तक्रार तिकडेही होतीच. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या डीनने २७ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग सुरू केला. काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, आलटून पालटून. एमआयटीने १९१६मध्ये केमिकल इंजिनिअरिंगसाठी 'प्रॅक्टिस स्कूल' काढलं. विद्यार्थी आणि त्यांचा मास्तर दोघेही कारखान्यात जाऊन बसत आणि तिथल्या चालू अडचणींवर काम करत. मास्तर बरोबर जायचा, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आणि पुढे सगळ्यात आधी गळालेली गोष्टही तीच.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ ते १९२६ या काळात याच एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होते. परत आले ते थेट वाडीला. पंप, इंजिनं, यंत्रं असा कारखान्याचा पुढचा पसारा त्यानंतरचा. आमच्या नदीकाठाला ओळीने बसलेल्या मोटारी बघताना मला कायम वाटतं, की बॉस्टनजवळच्या एका कॉलेजातून निघालेली वाट कृष्णेच्या पाण्यापर्यंत आली, ती या माणसाला परत यायला जागा होती म्हणून. माझ्या वर्गातल्या हुशार पोरांना अशी जागा नव्हती. हे रडगाणं नाही, हिशोब आहे.

अमेरिकेतली कल्पना भारतात आली तेव्हा तिने दोन रूपं घेतली. एक कायद्याचं. १९६१चा अप्रेंटिस कायदा आधी कारागिरांसाठी होता, १९७३च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि डिप्लोमावाले इंजिनिअर आले. दुसरं रूप पिलानीच्या बिट्समध्ये दिसलं. तिथे फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने एमआयटीचे लोक सल्ला द्यायला येत होते, आणि १९७३मध्ये, सी. आर. मित्रा संचालक असताना, तिथेही 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू झालं. आज प्रत्येक कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसबाहेर जी इंटर्नशिप ताटकळत उभी असते, ती याच घराण्यातली. तिच्यात वाईट काही नाही. पण तिच्यात 'बाहेरची संस्था' म्हणजे कंपनी, आणि प्रश्न म्हणजे कंपनीचा प्रश्न. अप्पांचा चेंबर त्यात बसत नाही. अप्पांकडे एचआर नाही.

या प्रश्नाला नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात एक मजेशीर उत्तर निघालं. तिथल्या विद्यापीठांनी चक्क 'विज्ञानाची दुकानं' उघडली. वस्तीतल्या लोकांची समिती, कामगार संघटना, पर्यावरणवाले, ज्यांच्याकडे सल्लागाराला द्यायला पैसे नाहीत, त्यांनी दुकानात येऊन प्रश्न सांगायचा. विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या हाताखाली त्यावर अभ्यास करायचा, त्याला त्याचे मार्क मिळणार, आणि विचारणाऱ्याला उत्तर. गिऱ्हाईक कोण, एवढं बदललं की सगळंच बदलतं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, एनएसएस सुरू झाली. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. एनएसएसच्या शिबिरांची १९७३ची घोषणाच दुष्काळाविरुद्ध तरुणाई अशी होती. पोरं गावोगाव गेली, घमेली उचलली, बांध घातले. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. श्रमाची कमतरता कुठेच नव्हती. पण विद्यार्थ्याकडून घाम मागितला गेला, त्याचं शिक्षण कुणी मागितलं नाही. फिजिक्स शिकणाऱ्या पोरानेही खड्डाच खणला आणि मराठी शिकणाऱ्यानेही. एनएसएसचं शिबिर केलेल्या कुणालाही विचारा, झाडं लावली, गाणी म्हटली, पोहे खाल्ले. मीही खाल्लेत. झाडांचं विचारू नका.

आता थोडं येरळेच्या वर जाऊ. ही नदी आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात जिथे बोट उलटून माणसं गेली, तेच ब्रह्मनाळ. तिथे पाण्याने हाहाकार केला, पण त्याच नदीच्या वरच्या अंगाला, खानापूर तालुक्यात, पिढ्यानपिढ्या दुष्काळ. एकच नदी, एकच जिल्हा.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर. त्यातले कितीतरी घाटावरचे, म्हणजे आमच्याकडचे. खोली सोडून ते गावी आले, तर गावी दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडायची, रस्ते करायचे, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. या लोकांमधून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. त्यात डॉ. भारत पाटणकर होते, कासेगावला स्थायिक झालेल्या गेल ऑम्वेट होत्या, बलवडीचे संपतराव पवार होते. संप करून आलेल्या माणसाला प्रश्न विचारायची सवय असते. त्यांनी विचारलं, की खडी फोडून दुष्काळ हटतो का? हटत नसेल तर हटेल असं काम द्या.

मग हिशोब सुरू झाले. पाऊस किती पडतो, कोणती पिकं किती पाणी पितात, पूर्वी काय पिकायचं आणि आता काय, नदीतली वाळू कोण उचलतं, त्याचे पैसे कुठे जातात. लोकविज्ञान चळवळीतली माणसं जोडली गेली. के. आर. दाते यांच्यासारखे मुंबईचे नावाजलेले सिव्हिल इंजिनिअर आले. बाहेरून आलेल्या तरुणांनी श्रमदान केलं. त्यातून बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी येरळेवर धरण बांधलं, बळीराजा स्मृती धरण. ठेकेदार वाळू उपसून नदी कोरडी करत होते. गावांनी म्हटलं, थोडी वाळू आम्हीच विकतो आणि त्या पैशांत धरण बांधतो. सरकारशी भांडून ते केलंही. आणि पाणीवाटपाचा नियम असा ठरवला, की पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची गोष्ट, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत तिचं नावही कानावर आलं नव्हतं. थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात जर्मन माणसांचे फोटो होते. तक्रार त्या फोटोंबद्दल नाही. पण शेजारच्या तालुक्यात शेतकरी आणि इंजिनिअर यांनी मिळून धरणाचं डिझाइन केलं, याला आम्ही शिक्षणात धरलं नाही, बातमीत धरलं. तीही आमच्या जन्माआधीची.

बलवडीत क्रम कसा होता ते बघा. प्रश्न आधी गावाचा होता. गावाने त्यासाठी मोर्चे काढले होते. दाते नंतर आले. उत्तराचं माप त्यांनी आणलं, प्रश्न आणला नाही. काम संपल्यावर बाहेरचे गेले तरी प्रश्नाचे मालक तिथेच होते, पाण्याची पाळी ठरवायला आणि भांडायला.

पण दाते स्वतःच्या मनाने आले होते. असा एखादा माणूस भेटणं हा नशिबाचा भाग. तेच काम कॉलेजच्या वेळापत्रकात बसवता येईल का? याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात चिवट उदाहरण पवईचं आहे. मला ते विशेष आवडायचं कारण माझ्या धंद्याशी जोडलेलं आहे.

आयआयटी मुंबईत १९८५ साली 'सितारा' नावाचं केंद्र निघालं, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधायला. कल्पना एकट्या पवईची नव्हती. बंगळुरूच्या आयआयएस्सीत ए. के. एन. रेड्डी यांनी १९७४मध्येच 'अस्त्र' सुरू केलं होतं. सिताराचा सुरुवातीचा भर वस्तूंवर होता, सुधारित चुली वगैरे. या चुलींवर तिथे खरोखर गंभीर संशोधन झालंय. पण वस्तू करणारं केंद्र आणि गाव यांच्यात एक दुकानदार लागतो, आणि तो नसला की वस्तू प्रदर्शनात राहते. माझ्या मोगऱ्याच्या कुंडीसारखी.

२००७मध्ये तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयातलं एम.टेक. सुरू झालं. त्यात विद्यार्थ्याने कित्येक आठवडे गावात राहायचं, हा अभ्यासक्रमाचाच भाग. त्याच सुमाराच्या या कामातलं एक मोठं नाव मिलिंद सोहोनी. ते कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. केतन मुलमुले आणि सोहोनी यांनी मिळून संगणकशास्त्रातल्या सगळ्यात अवघड प्रश्नावर, 'पी विरुद्ध एनपी'वर, भूमितीच्या वाटेने हल्ला करायचा मार्ग मांडला. हे काम जगभर अभ्यासलं जातं. आणि हाच माणूस विद्यार्थ्यांना घेऊन कर्जत, मोखाड्याच्या पाड्यांवर हंड्यांचा हिशोब करत होता. आमच्या ऑफिसात एपीआय बदलला की लोक दमतात.

ही मुलं काय करत होती? नळपाणी योजना तपासत होती. कागदावर योजना पूर्ण, टाकी बांधलेली, पाइप पुरलेला. पण उन्हाळ्यात गावात टँकर. का? विद्यार्थी जीपीएस घेऊन उंची मोजायचे, पाइपचे व्यास लिहायचे, कोणत्या नळाला किती वेळ पाणी येतं ते घड्याळ लावून नोंदवायचे, पंप चालवणाऱ्या माणसाशी बोलायचे, मग ग्रामपंचायतीत वीजबिल कुणी थकवलं ते शोधायचे. कारण कधी तांत्रिक निघायचं, कधी पैशांचं, आणि बऱ्याच वेळा दोन्हींची गाठ बसलेली. लाइनीच्या सुरुवातीच्या गावांना भरपूर पाणी, शेवटच्या पाड्याला हवा. शेवटचा पाडा पाणीपट्टी भरत नाही, कारण पाणी नाही. पट्टी नाही म्हणून बिल थकतं, बिल थकलं म्हणून पंप बंद, मग कुणालाच पाणी नाही.

रात्री फोनवर यांचे रिपोर्ट वाचताना मी उठून बसलो. शेवटाला पाणी का पोचत नाही, हा अप्पांचाच प्रश्न होता. फक्त इथे कुणीतरी तो अभ्यासक्रमात घातला होता, त्याला मार्क दिले होते.

त्यातलं एक काम तर निव्वळ सॉफ्टवेअरचं. 'जलतंत्र' नावाची वेबवर चालणारी फुकट प्रणाली. गावांची उंची, अंतरं आणि लागणारं पाणी भरलं, की कुठल्या तुकड्यात कोणत्या व्यासाचा पाइप घातला तर सगळ्यांना पुरेसं प्रेशर मिळेल आणि खर्च कमीत कमी येईल, ते ती सांगते. आत बसलेलं गणित दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकवतात. मीही शिकलो होतो. पेपरात त्याचं उदाहरण टेबल-खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याचं होतं.

२०१६मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियानाचा निर्णय काढला. जिल्हा प्रशासनाने आपले प्रश्न द्यायचे, त्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी विद्यार्थी-प्राध्यापकांकडून त्यांचा अभ्यास करून द्यायचा. पाणी, ऊर्जा, रस्ते, जलयुक्त शिवारची तपासणी. पवईत जे जमलं ते तालुक्याच्या कॉलेजात का जमू नये, असा त्यामागचा विचार. माझ्या मते ही गेल्या पन्नास वर्षांतली या विषयातली सगळ्यात शहाणी कल्पना आहे, आणि सगळ्यात अवघडही. आयआयटीच्या प्राध्यापकाला पाड्यावर जायला वेळ आणि मान दोन्ही मिळतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या तासिका तत्त्वावरच्या मास्तरला दोन्ही मिळत नाही. त्याने वर्गातले चाळीस प्रोजेक्ट तपासायचे, नॅकच्या फायली भरायच्या, आणि शनिवारी मुलांना घेऊन गावच्या टाकीवर चढायचं? तो चढत नाही. मग मुलं नेटवरून प्रोजेक्ट विकत घेतात. सोनेरी शिक्का या फटीतूनच येतो. मी त्या मास्तरांना दोष द्यायचो, आता देत नाही.

प्रशासनाचीही एक गंमत आहे. विद्यार्थ्याने योजना तपासली आणि पाणी पोचत नाही असं लिहिलं, तर तो रिपोर्ट कुणाला हवा असतो? डच दुकानात प्रश्न घेऊन येणारा माणूस स्वतः तहानलेला असायचा. इथे प्रश्न देणारा आणि उत्तराने अडचणीत येणारा कधीकधी एकच. बलवडीत हा घोळ नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मी चार दिवस घरी गेलो होतो. संध्याकाळी चुलतबहीण आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "दादा, तुझ्या कंपनीचं लेटरहेड मिळंल का? फील्ड प्रोजेक्ट केला म्हणून लिहून द्यायचं हाय. सगळी असंच करत्यात."

मी माझं सर्टिफिकेट काढून तिला दाखवलं. तिने आधी स्पेलिंगची चूक पकडली. मग मी अप्पांचा प्रश्न तिला सांगितला. अप्पा ओसरीवरच होते. म्हणाले, "आता तिला कशाला तरास? सात वर्सं तर झाली त्याला."

दुसऱ्या दिवशी दोनशे लिटरचं बॅरल टेम्पोत टाकून आम्ही लाइनीवर गेलो. पाटकरी सुरुवातीला तयार होईना. "कुणाची तक्रार करायचीय का? आधीच सांगा." बहिणीने त्याला सांगितलं, "मामा, कॉलेजचा अभ्यास हाय. तुमचंबी नाव लिवनार रिपोर्टात." मग तो आमच्यापेक्षा उत्साहात आला. एकूण नऊ चेंबर. प्रत्येक ठिकाणी तो बाकीचे व्हॉल्व्ह बंद करून एकच उघडायचा, पाणी स्थिर झालं की अप्पा पाइप बॅरलात धरायचे, मी मोबाइलवर सेकंद मोजायचो आणि ती वहीत लिहायची. प्रत्येक चेंबरला तीनदा. पहिल्या चेंबरला बॅरल भरायला १९ सेकंद. आमच्या शेवटच्याला ४३.

"निम्म्यापेक्षाबी कमी," अप्पा म्हणाले. सात वर्षांनी त्यांच्या पहिल्या प्रश्नाला आकडा मिळाला. त्यांना आनंद झाला का ते कळलं नाही. पाइप खाली ठेवून ते बॅरलातलं पाणी सरीत ओतत होते.

रात्री मी लांबी, व्यास आणि उताराचा हिशोब केला. नुसतं पाइपच्या घर्षणाने शेवटाला तीस-बत्तीस सेकंद यायला हवे होते. मग वरचे दहा-बारा कुठले? बहिणीने वहीतल्या आकड्यांचा ग्राफ काढला आणि मलाच दाखवला. सहाव्या चेंबरपर्यंत रेघ हळूहळू वर जात होती, १९पासून २७पर्यंत. सातव्याला एकदम ३८. म्हणजे सहा आणि सातच्या मध्ये काहीतरी आहे. फुटलेला जॉइंट, गाळाने चोंदलेलं वळण किंवा कुणीतरी गुपचूप मारलेली जोडणी. तिन्हींपैकी काय, हे उकरल्याशिवाय कळणार नाही, आणि उकरायचं तर संस्थेच्या बैठकीत विषय ठेवावा लागणार. तिसरं कारण निघालं तर गावात भांडणही होणार.

मला सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं. निघताना ती वही घेऊन स्टँडवर आली. बैठक बुधवारी आहे, पाटकरीमामांनी चेअरमनला सांगून ठेवलंय, ती बोलायला जाणार आहे. तिला एकच विचारायचं होतं, की 'प्रोजेक्ट पार्टनर' या रकान्यात कुणाचं नाव लिहू, संस्थेचं की अप्पांचं?